पुरे म्हणण्याचा अधिकार

"छाननीसाठी संस्थांची निवड करताना करविभाग पक्षपात करीत नाही. निवड सोडतीने होते. सोडतीला डोळे नाहीत, कान नाहीत, पक्ष नाही."

हे निवेदन करविभागाच्या मोठ्या सभागृहात, व्यासपीठामागच्या भिंतीवर, पितळी अक्षरांत लावलेले आहे. प्रवक्त्यांना ते तोंडपाठ आहे, मंत्री ते भाषणात घालतात, आणि विभागावर कोणी शंका घेतली की उत्तरादाखल तेच पुन्हा छापून पाठवले जाते. सत्याची एक सोय अशी की ते वारंवार पॉलिश करता येते.

मित्रांनो, त्या निवेदनातली सोडत म्हणजे मी. मी एक जुने लाकडी पिंप आहे. पोटाशी फुगलेले, दोन खांबांच्या मध्ये आडवे टांगलेले, एका बाजूला लोखंडी दांडा, पोटाला हातभर रुंदीची झडप. मला डोळे नाहीत, हे मान्य. पण माझी झडप उघडणाऱ्याला आहेत. मला कान नाहीत. पण माझा दांडा फिरवणारा शिपाई कोणाच्या तरी शब्दाकडे कान लावूनच उभा असतो. मला पक्ष नाही, हेही खरे. मला पोट आहे, आणि त्या पोटात कोणती वस्तू सर्वांत शेवटी ओतायची हे कोणीतरी ठरवतो. निवेदनात एकही शब्द खोटा नाही. त्यातून माणूस तेवढा वगळला आहे. मी आता थकले आहे, दांडा ज्यात फिरतो ते बुश झिजले आहेत, आणि म्हणून वगळलेला माणूस पुन्हा निवेदनात बसवण्याचे हे काम मी उरकून टाकणार आहे.

माझा जन्म एका बदनामीतून झाला. त्याआधी कोणत्या संस्थेची छाननी करायची हे अधिकारी स्वतःच ठरवत, आणि त्यांचे बोट नेहमी एकाच दिशेला जाई. मंत्र्यांच्या मेहुण्यांच्या संस्था सुटत. मंत्र्यांवर चार ओळी लिहिणाऱ्या वाचनालयांच्या कपाटांना मात्र मोहोर लागे. चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण त्या काळी विभागाची कार्यपद्धती होती. पुढे ओरड झाली, चौकशी झाली, आणि विभागात नव्या आयुक्तबाई आल्या. त्या हडकुळ्या होत्या, कमी बोलत आणि बोलल्या की कोणाला तरी लागत असे. पहिल्याच बैठकीत त्यांनी अधिकाऱ्यांना सांगितले, "तुम्हाला निःपक्षपाती करणं माझ्या आवाक्यातलं नाही. तुमच्या हातून निवड काढून घेणं आहे."

मग त्यांनी सुताराला बोलावले. तो संवाद मी ऐकला, कारण तेव्हा मी फळ्यांच्या रूपात भिंतीला टेकून उभे होते.

"दिसायला कसं पाहिजे बाई?" सुताराने विचारले.

"दिसण्याचं राहू द्या. आत टाकलेलं सगळं मिसळलं पाहिजे."

"मग आतून आडव्या पट्ट्या माराव्या लागतील. नुसत्या गुळगुळीत पिंपात ढीग जागच्या जागी घसरतो. खालचा खाली, वरचा वर."

"म्हणजे आमच्या खात्यासारखं."

"ते मी कसं बोलू? माझं दुकान तुमच्याच हद्दीत येतं."

आयुक्तबाई हसल्या. त्या हसल्याचा विभागातला बहुधा हा एकमेव पुरावा, आणि तो माझ्याकडे आहे.

मला पट्ट्या बसल्या. प्रत्येक संस्थेसाठी क्रमांक कोरलेली एक लाकडी चकती तयार झाली. चकत्या तबकांत मांडून आणायच्या, सर्वांसमोर माझ्या पोटात ओतायच्या, मला फिरवायचे, मग झडप वर आणून एकेक चकती काढायची. ज्यांचा क्रमांक निघेल त्यांची छाननी. आता छाननी म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला हवे. ज्या संस्था लोकांच्या भल्याचे काम करतात त्यांना करातून सूट असते. छाननी सुरू झाली की ती संपेपर्यंत सूट थांबते. सूट थांबली की देणगीदार थांबतात. मग संस्थेने काही गैर केले नसले तरी ती गुदमरू लागते. छाननी म्हणजे शिक्षा नव्हे, असे नियमात लिहिले आहे. गळ्यावर ठेवलेला हात म्हणजे गळा दाबणे नव्हे, असेही लिहिता येईल.

आयुक्तबाईंनी केलेला सर्वांत महत्त्वाचा नियम मात्र एका शब्दाविषयी होता. दांडा शिपायाने फिरवायचा. पण थांबायचे कधी, हे विभागाने ठरवायचे नाही. सोडतीच्या सकाळी रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाही माणसाला विनंती करून आत आणायचे, पुढच्या खुर्चीत बसवायचे, आणि त्याने 'पुरे' म्हणेपर्यंत मला फिरवत राहायचे. तो माणूस कोण असेल, हे आदल्या दिवशी कोणालाच ठाऊक नसे. त्याला विभागाकडून काही नको असे आणि विभागाला त्याच्याकडून काही मिळण्यासारखे नसे. राज्यशास्त्राच्या जाडजूड ग्रंथांत देखरेखीच्या ज्या व्याख्या आहेत, त्या मी वाचल्या आहेत. (सोडती नसत तेव्हा मला विभागाच्या ग्रंथालयात ठेवत. तिथे माझ्याखेरीज कोणी वाचायला येत नसे.) त्या सगळ्या व्याख्यांहून त्या खुर्चीतला परका माणूस मला अधिक नेमका वाटत आला.

पहिल्या सोडतीला गुंड्या विकत घ्यायला निघालेली एक शिवणकाम करणारी बाई मिळाली. ती मांडीवर पिशवी ठेवून बसली आणि बोलेचना. शिपायाने हात बदलला, पुन्हा बदलला, त्याच्या कपाळावरून घाम निथळू लागला. आयुक्तबाईंनी वाकून विचारले, "काही अडचण आहे का?"

"छे! दुसऱ्याला राबताना बघत आपण बसायचं, असं भाग्य कधी मिळतं हो? चालू द्या त्यांचं."

शिपाई म्हणाला, "अहो ताई, मला घरी बायका-मुलं आहेत!"

"मलापण नवरा-पोरं आहेत. म्हणून तर इथं बरं वाटतंय." पण मग तिला दया आली आणि ती म्हणाली, "पुरे."

मित्रांनो, माझे चांगले दिवस ते. एका वर्षी माझ्या पोटातून खुद्द अर्थमंत्र्यांच्या थोरल्या भावाच्या संस्थेचा क्रमांक निघाला. मंत्र्यांनी चष्मा पुसला आणि सचिवाला सांगितले, "दादाला कळवा, कागद काढून ठेव म्हणावं." एवढेच. परदेशांतून शिष्टमंडळे मला पाहायला येत, माझ्यावर हात फिरवत, छायाचित्रे काढत. माझ्या अंगावर एक गौरवपट्टी ठोकली गेली. कौतुक हा नाशाचा पहिला टप्पा असतो, हे मी पुढे वाचले. तेव्हा मला ते केवळ खिळे टोचल्यासारखे वाटले.

आयुक्तबाई निवृत्त झाल्या. त्यांच्यानंतर जे घडले त्याला कट म्हणता येणार नाही. कट म्हटले की कोणीतरी एकत्र बसून ठरवल्याचा मान त्या प्रकाराला मिळतो. तसे काही झाले नाही. आधी सभागृहाचे नूतनीकरण निघाले. मी फिरताना चकत्या पट्ट्यांवर आपटून मोठा खडखडाट होई आणि मंत्र्यांचे भाषण ऐकू येत नसे. म्हणून पट्ट्या काढल्या आणि माझे पोट आतून रोगण लावून गुळगुळीत करण्यात आले. सगळे म्हणाले, काय सुरेख झाले! मग रस्त्यावरून माणूस बोलावणे सुरक्षेच्या दृष्टीने योग्य नाही, असा अभिप्राय आला. तोही खोटा नव्हता. एकदा एक गृहस्थ आत येऊन तासभर झोपले होते. म्हणून 'पुरे' म्हणण्याचे काम तात्पुरते विभागाच्याच उपायुक्तांकडे सोपवले गेले. तात्पुरते या शब्दाचे आयुष्य सरकारी इमारतींत फार मोठे असते.

या उपायुक्तांना सगळे 'मधाळ साहेब' म्हणत. ते बोलायचे हळू, ऐकायचे मान कलती करून, आणि शिपायालाही 'अहो जाहो' करत. त्यांनी आयुष्यात कोणाचा चहासुद्धा फुकट घेतला नाही. हे मी उपरोधाने सांगत नाही. हीच माझी तक्रार आहे. खाणारा अधिकारी असता तर तो एखाद्या दिवशी ढेकर देताना सापडला असता.

मधाळ साहेबांनी एकच सुधारणा केली. ज्या संस्थांविषयी विभागाकडे निनावी तक्रारी येतात त्यांच्या चकत्या इतरांत मिसळू नयेत, त्यांचे वेगळे तबक असावे, म्हणजे हिशेब ठेवायला सोपे जाईल. आणि ते तबक शेवटी ओतावे, म्हणजे गोंधळ होणार नाही. निनावी तक्रारी कोण करते? मित्रांनो, सत्तेत जो पक्ष असतो त्याच्या कार्यकर्त्यांना रिकामा वेळ बराच असतो. ज्या संस्था मोर्चे काढतात, प्रश्न विचारतात, त्यांच्याविषयी तक्रारी लिहायला त्यांना कोणी सांगावेही लागत नाही.

आता गणित पाहा, फार सोपे आहे. गुळगुळीत पिंपात ढीग घसरतो, मिसळत नाही. शेवटचे तबक ढिगाच्या वर राहते. मधाळ साहेब शिपायाच्या हाताला त्रास नको म्हणून लवकरच, प्रेमाने, 'पुरे' म्हणतात. झडप उघडते, हात आत जातो आणि वरच्या चकत्या काढतो. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, पण इथे आंधळ्याला मुद्दाम कामावर ठेवले होते.

सरकार बदलले तेव्हा मला वाटले, आता संपेल. मी पिंप आहे, भाबडे असण्याचा मला अधिकार आहे. तबक तेच राहिले. त्यातल्या चकत्या बदलल्या. आधीच्या राजवटीत गाण्याची एक शाळा दर सोडतीत निघत असे. ती चालवणाऱ्या बाई तेव्हाच्या विरोधकांच्या व्यासपीठांवर गात. त्या सोडतीला येत, आपला क्रमांक ऐकत, "आमचं नशीबच खोटं," म्हणत, आणि जात. शेवटी देणग्या आटल्या, त्यांनी वाद्ये विकली आणि शाळेला कुलूप लावले. मग त्यांचा पक्ष निवडून आला, त्या स्वतःही निवडून आल्या, आणि विधिमंडळाच्या करविभाग देखरेख समितीच्या सदस्य झाल्या. त्यानंतरच्या सोडतींत गाण्याच्या शाळेसारख्या संस्था निघायच्या थांबल्या आणि एक पाळणाघर निघू लागले.

हे पाळणाघर साफसफाईचे काम करणाऱ्या बायकांनी काढलेले. त्या अंधारातच कामावर निघतात; त्या वेळी पोरांना घ्यायला कोणतीही शाळा उघडी नसते. एका भाड्याच्या तळघरात त्यांची पोरे झोपत, खेळत, भांडत, आणि त्यांना सांभाळणाऱ्या जाडजूड, तोंडाने फटकळ बाईंना सगळे मावशी म्हणत. पाळणाघराचा गुन्हा असा की कामाच्या पाळ्या वाढवल्या तेव्हा या बायका मंत्र्यांच्या कार्यालयासमोर झाडू उलटे धरून उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी घोषणासुद्धा दिल्या नाहीत. उलट्या झाडूंचे छायाचित्र मात्र सगळीकडे छापून आले.

त्यानंतरच्या प्रत्येक सोडतीत त्यांचा क्रमांक निघाला. छाननीत काही सापडत नसे. ती संपेपर्यंत पुढची सोडत येई. क्रमांक पुकारणारा कारकून थट्टेखोर होता. तो एकदा म्हणाला, "मावशी, तुमचा नंबर वाचायला मला आता चष्मासुद्धा लागत नाही."

"हसा भाऊ, हसा. तुमच्या घरी पोरं सांभाळायला सासू आहे."

"सासू आहे म्हणून तर मी इथं येतो."

सगळे हसले, मावशीही हसल्या. पण ज्या सोडतीविषयी मी सांगणार आहे तिला त्या आल्या तेव्हा हसत नव्हत्या. तळघराच्या मालकाने त्यांना सांगून टाकले होते: कायमची चौकशी लागलेली माणसे मला नकोत, यंदा पुन्हा नंबर आला तर जागा रिकामी करा. दुसरी जागा इतक्या भाड्यात मिळणार नव्हती. जागा गेली तर पोरे कुठे ठेवायची, आणि पोरे ठेवायला जागा नसेल तर कामावर कसे जायचे, हे त्या बायका एकमेकींना विचारत होत्या. मावशी पहिल्या रांगेमागे उभ्या होत्या, पदराचे टोक बोटाला गुंडाळत.

त्या दिवशी देखरेख समितीची वार्षिक भेटही होती. समिती येते, पहिल्या रांगेत बसते, चहा घेते आणि 'सोडत समाधानकारक' असा अभिप्राय देऊन जाते. तबके ओतली गेली. शिपायाने मला फिरवले. ढीग माझ्या पोटात जागच्या जागी घसरत राहिला. मधाळ साहेब म्हणाले, "पुरे, पुरे. दमला असाल." झडप उघडली. दुसरीच चकती पाळणाघराची निघाली.

मावशी सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, आमचं एवढं काय चुकलं ते सांगा. नाहीतर जगात दुसरी संस्था नाही असं तरी सांगा."

"ताई, मला खरंच वाईट वाटतं हो. पण सोडत आहे. यात माझं काही चालत नाही."

"तुमचं चालत नाही, आमचं चालत नाही, मग चालतंय कोणाचं?"

साहेबांनी मान कलती केली आणि भिंतीवरच्या पितळी अक्षरांकडे बोट दाखवले.

सोडतीच्या दिवशी मला सभागृहाच्या कडेला, हात धुण्याच्या नळाजवळ ठेवतात. चहाच्या मध्यंतरात मावशी तिथे तोंडावर पाणी मारायला आल्या. गाण्याच्या शाळेच्या त्या बाई तिथेच कप विसळत होत्या. त्या आता सत्ताधारी सदस्य होत्या. कप विसळायला त्यांना माणसे मिळाली असती. पण सवय.

"किती वेळा निघालाय तुमचा नंबर?" बाईंनी विचारले.

"तुम्हाला काय करायचंय? तुमचंच सरकार आहे."

"माझापण निघायचा. गाण्याची शाळा होती माझी. त्यांच्या राज्यात."

मावशींनी तोंड पुसायचे थांबवले. "मग तुम्ही काय केलंत?"

"नशिबाला शिव्या दिल्या."

"आणि आता?"

बाईंनी बराच वेळ कप विसळला. तो केव्हाच स्वच्छ झाला होता. मग त्यांनी विचारले, "तुमचा नंबर कायम सुरुवातीलाच निघतो का हो? पहिल्या चार-पाचांत?"

"हो. बसायलासुद्धा मिळत नाही."

"माझासुद्धा सुरुवातीलाच निघायचा," बाई म्हणाल्या. "सरकार बदललं, माणसं बदलली. बदललं नाही असं इथं काय आहे?" आणि त्या वळून माझ्याकडे पाहू लागल्या. इतक्या वर्षांत माझ्याकडे असे कोणी पाहिले नव्हते. त्यांनी झडप उघडली, हात आत घातला आणि माझ्या गुळगुळीत पोटावरून फिरवला. मला लाज वाटली. लाकडाला लाज वाटत नाही असे मी कुठेतरी वाचले आहे. लेखकाने लाकडाला विचारले नसावे.

मध्यंतर संपले. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला लाल खडू हवाय. शेवटच्या तबकातल्या सगळ्या चकत्यांवर रेघ मारायची, आणि सगळी तबकं पुन्हा त्याच क्रमानं ओतायची."

समितीचे अध्यक्ष त्यांच्याच पक्षाचे होते. ते त्यांच्याकडे झुकून कुजबुजले, पण सभागृहातला ध्वनिक्षेपक चालू होता. "अहो ताई, बसा खाली. आपलंच सरकार आहे."

"म्हणून तर मी मागतेय. विरोधकांनी खडू मागितला असता तर तुम्ही दिला असता का?"

"असं चारचौघांत... घरातली धुणी घरात धुवावीत हो."

"दादा, घरात पाणीच येत नाही."

विरोधी पक्षाचे सदस्य त्या वेळी चहात साखर ढवळत होते. साखर विरघळली तरी त्यांनी ढवळणे थांबवले नाही. तबक त्यांच्या राजवटीतही हेच होते, आणि परत निवडून आल्यावर ते हाताशी असावे, असा त्यांचा एकंदर विचार दिसला. शेवटी खडू आणला तो मघाच्या थट्टेखोर कारकुनाने. तो आता थट्टा करत नव्हता.

रेघा मारल्या. तबके ओतली, तोच क्रम. शिपायाने फिरवले. नेहमीची वेळ टळली तरी साहेब शिपायाला थांबवेनात, तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, नेहमी म्हणता तेव्हाच म्हणा. आज शिपायावरची दया कमी करू नका."

"पुरे," साहेब म्हणाले.

झडप उघडली. लाल रेघ. पुन्हा लाल रेघ. पुन्हा लाल. कारकून क्रमांक वाचायचा विसरला आणि नुसताच "लाल... लाल..." म्हणत राहिला. मागे उभ्या असलेल्या संस्थांच्या माणसांत कुजबूज सुरू झाली आणि ती वाढत गेली. मी फिरत असतानाचा जुना खडखडाट मला आठवला. बिनरेघेची चकती निघाली तेव्हा वरचा थर संपला होता. मावशी मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, नशीब एवढं लाल असतं होय!"

सोडत रद्द झाली. विधिमंडळात चौकशी बसली. माझ्या पोटात पुन्हा पट्ट्या ठोकल्या आणि 'पुरे' म्हणायला पुन्हा रस्त्यावरून माणूस येऊ लागला. ही गोष्ट इथे थांबवली तर ती पाठ्यपुस्तकात घालता येईल. पण मला थांबता येत नाही. रद्द झालेल्या सोडतीची बातमी पोहोचेपर्यंत तळघराच्या मालकाने जागा दुसऱ्याला दिली होती. पाळणाघराची सूट परत मिळाली. तळघर मिळाले नाही. मावशी आता एका धोबीघराच्या मागच्या खोलीत निम्मी पोरे सांभाळतात. उरलेल्या पोरांच्या आया काम सोडून घरी बसल्या. गाण्याची शाळा उघडली नाही. विकलेली वाद्ये परत येत नसतात. त्या बाईंना पुढच्या निवडणुकीत पक्षाने उमेदवारी दिली नाही. कारण 'कामाचा आढावा' असे दिले गेले, आणि तेही खरेच होते. मधाळ साहेबांची बदली झाली. ज्या खुर्चीत झाली ती आधीच्या खुर्चीपेक्षा मोठी आहे. पितळी अक्षरे जागच्या जागी आहेत.

मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला तेलपाणी करा, मला अडगळीत टाकू नका, असे मी तुम्हाला सांगणार नाही. मला वर्षानुवर्षे उत्तम तेलपाणी होत होते. दांडा इतका हलका फिरायचा की काही बिघडले आहे असे कोणाच्या मनातही येऊ नये. मला एवढेच सांगायचे आहे की सोडतीला या. तुमच्या संस्थेची चकती माझ्या पोटात नसेल त्या वर्षी आवर्जून या. आपला क्रमांक असतो तेव्हा प्रत्येकजण येतो, आणि तो फक्त निघालेल्या चकतीकडे पाहतो. दुसऱ्याचा क्रमांक असताना आलेला माणूसच तबके कोणत्या क्रमाने आली, हे पाहू शकतो. सत्तेतल्यांनी आपल्याच लोकांना विचारलेला एक प्रश्न विरोधकांच्या शंभर मोर्च्यांना भारी पडतो, आणि तो विचारणारे फार थोडे असतात. त्यांना एकटे उभे राहू देऊ नका. बाई उभ्या होत्या तेव्हा पहिल्या रांगेतले कोणी उठले नाही. ते दृश्य माझ्या पोटातल्या रोगणाहून अधिक गुळगुळीत होते.

चौकशीच्या दिवशी मला पुरावा म्हणून चौकशी समितीच्या टेबलाशेजारी ठेवले होते. मधाळ साहेब समोर बसले होते. त्यांना पट्ट्यांविषयी विचारले. ते म्हणाले, नूतनीकरण माझ्या आधीचे. तबकाविषयी विचारले, ते म्हणाले, हिशेबाच्या सोयीसाठी. लवकर पुरे का म्हणत होतात? शिपायाचे वय झाले होते. प्रत्येक उत्तर खरे होते, आणि सगळी उत्तरे मिळून एक खोटे होत होते. मग चौकशी समितीच्या अध्यक्षांनी फक्त एवढेच विचारले की शेवटच्या तबकात कोण होते, हे त्यांना ठाऊक होते का, आणि हे सारे त्यांनी कोणत्या मंत्र्याच्या सांगण्यावरून केले.

साहेबांनी या वेळी मान कलती केली नाही. पेल्यातले पाणी संपवले, पेला सरळ ठेवला. त्यांचे उत्तर मी एकही शब्द न बदलता देते.

"ठाऊक होतं. पण मला कोणत्याही मंत्र्यानं कधी काही सांगितलं नाही, आधीच्यानं नाही आणि आत्ताच्यानंही नाही. सांगितलं असतं तर मी ते लेखी मागितलं असतं आणि नाकारलं असतं. मी प्रामाणिक अधिकारी आहे. कोणी काहीच म्हणालं नाही, म्हणून मी केलं."